वेलिगामात 2 महिने: सर्फिंग कमी, संसार जास्त

आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, 11 वर्षांचा मुलगा, 7 वर्षांची मुलगी आणि सासूबाई, जानेवारी-फेब्रुवारी असे दोन महिने श्रीलंकेतल्या वेलिगामात राहून आलो. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात कसं जमवलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

गाव दक्षिण किनाऱ्यावर, गॉलच्या पुढे. वेलि म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव. आणि खरंच तिथल्या खाडीचा तळ वाळूचा आहे, खडक-प्रवाळ नाही, म्हणून नवशिक्यांना पडायला (आणि पडतोच) ती जागा बरी. सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, मग पावसाळ्यात सर्फवाले पूर्वेला अरुगम बेकडे जातात. नवऱ्याचं काम ऑनलाइन आणि श्रीलंकेचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालतं, त्यामुळे त्याच्या मीटिंगांना कुणाला पत्ताही लागला नाही तो कुठे बसलाय ते. मुलांच्या शाळेची परवानगी काढायला मात्र मला तीन चकरा माराव्या लागल्या.

घराचा किस्सा आधी. पुण्यातून मेसेजवर महिन्याचं भाडं ठरवलं, ॲडव्हान्स दिला, आणि पोचलो तर घरमालक म्हणे हा भाव एका महिन्याचा, सीझन आहे, दुसऱ्या महिन्याला जास्त पडतील. मी मेसेज दाखवले, तो हसला, मी पण हसले, शेवटी मधला आकडा काढला. माझं ऐका, पहिले चार-पाच दिवस साधं गेस्टहाऊस घ्या आणि मग पायी फिरून घर बघा, कारण फोटोत समुद्र दिसतो पण घरामागचा रेल्वेरूळ दिसत नाही. आमच्या मागे होता. पहिल्या पहाटे गाडी गेली तेव्हा आई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, लोणावळा आलं का गं?

व्हिसाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. ईटीए (श्रीलंकेत जायची ऑनलाइन परवानगी) 30 दिवसांचा होता, पुढची मुदत ऑनलाइन वाढवून घेतली. प्रत्येक पासपोर्टचा अर्ज वेगळा, लहान मुलांचा पण, म्हणजे आमचे पाच अर्ज. मी ते काम उद्यावर ढकलत 26 व्या दिवशी बसले आणि घाईत मुलीच्या अर्जात मुलाचा पासपोर्ट नंबर टाकला, पैसे भरायच्या आधी नवऱ्याने पाहिलं म्हणून वाचलो. मुदत संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, एवढं डोक्यात ठेवा, बाकी नियम आणि फी बदलत असतात त्यामुळे जाण्याआधी स्वतः बघा.

आता खरा प्रश्न, म्हणजे जेवण. आई पक्क्या शाकाहारी. मला वाटलं नारळ, भात, डाळ, फणस, सोपं आहे, कोकणातच आलोय. पण तिकडे पोल सांबोल म्हणजे आपली ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी म्हणा, तिच्यात उंबलकडा घालतात, सुकवलेल्या माशाचा चुरा, आणि भाज्यांमध्येही तो असतो. दिसत नाही, पण असतो! तिसऱ्या दिवशी आईंनी परत मागून सांबोल घेतलं आणि "चटणी छान आहे हं, वेगळीच चव" असं म्हटल्यावर मी घाबरून चौकशी केली. आईंना ते आजतागायत सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तर पहिला सिंहली शब्द शिकलो तो "एपा", म्हणजे नको. "उंबलकडा एपा." बाजारात मग आईच पुढे व्हायला लागल्या, कारण पडवळाला तिकडे पतोल म्हणतात, कारल्याला करविल, आणि मिरचीला मिरिस, एवढ्यावर त्यांचं निभलं. फसल्या एकदाच, लुणु म्हणजे मीठ आणि लूनु म्हणजे कांदा, तो उकार लांबवला नाही म्हणून अर्धा किलो कांद्याऐवजी अर्धा किलो मीठ घरात आलं.

सर्फिंग! मुलं दुसऱ्या दिवशी बोर्डवर उभी राहिली, कारण त्यांना पडायची लाज नाही. मी 41 वर्षांची, नऊ फुटी मऊ बोर्डवर पालथी, पोटाला आणि गुडघ्याला घासून लाल चट्टे (पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे सर्फिंगचा घट्ट टी-शर्ट घ्या, स्टाईलसाठी नाही, कातडीसाठी). शिकवणारा पोरगा विशीतला, मी त्याला मल्ली म्हणजे धाकटा भाऊ म्हणायचे, तो मला अक्का. लाट मागून आली की तो बोर्ड ढकलून ओरडायचा, "अक्का, बिम बलन्न एपा!" खाली बघू नको. आणि मी हमखास खाली बघायचे, पाय नीट पडले का ते, आणि बघितलं की तोल गेलाच, नाकात पाणी. आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी मी वैतागून किनाऱ्यावर आई कुठे बसल्यात तेवढं बघायला मान वर केली आणि उभीच राहिले की! चार-पाच सेकंद असेन. आई तेव्हा शेजारच्या बाईशी बोलत होत्या, त्यांनी पाहिलंच नाही.

खर्चाबद्दल एवढंच, आपला एक रुपया म्हणजे त्यांचे साधारण साडेतीन, त्यामुळे प्रत्येक बिल बघून आधी छातीत धस्स होतं आणि मग भागाकार करून बरं वाटतं. सर्फ कॅफेत मात्र भागाकार करूनही बरं वाटत नाही, तिथे रोज जाऊ नका.

रोज संध्याकाळी गल्लीत पावाची रिक्षा यायची, भोंग्यावर बेथोव्हनची फ्युर एलिझ वाजवत. आत किंबुला बनिस, मगरीसारखा लांबट, वर साखर लावलेला पाव. धून लांबून ऐकू आली की मुलगी नोट घेऊन अनवाणी धावायची.

पुण्यात परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत घंटागाडी गाणं वाजवत आली आणि ही पोरगी माझ्या पर्समधून पैसे घेऊन जिन्यात. मागून मी कचऱ्याची बादली घेऊन.