पडीक म्हणे!

सासवडकडच्या माळावर रोपांसाठी खड्डे मारणं चाललेलं. दीड फूट लांब, रुंद, खोल. मेंढरं थांबवून उभे असलेले धनगर आजोबा म्हणाले, "पडीक जागा म्हनं. मग लांडग्यानं पिल्लं कुठं घालायची?"

मुद्दा नेमका होता. लांडग्याला राई नको, उघडं गवत हवं. बीळ ओढ्याच्या घळीत, नाहीतर बांधाच्या पोटात. पिल्लं होतात थंडीत. नेमका तेव्हाच जेसीबी आला की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि वाटेत गावची कुत्री गाठतात.

कुत्र्यांचं दुखणं वेगळंच. रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लांडग्यांना त्यांच्याकडून होतात. पुण्याजवळ तर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. म्हणजे बिळाभोवतीच्या वाड्यावस्त्यांवर कुत्र्यांना दरवर्षी लस हवी. एकदा शिबिर घेऊन फोटो काढणं उपयोगाचं नाही.

आणि लांडग्यानं मारलेल्या मेंढराची भरपाई? पंचनामा होईपर्यंत मेलेलं मेंढरू हलवायचं नाही, इकडे वाडा, म्हणजे धनगरांचा मेंढरांसकटचा तळ, तर सकाळी पुढच्या गावाला निघालेला. बरेच जण तो नादच सोडतात.

तरी आजोबांचा राग लांडग्यावर नाही, खड्ड्यांवर होता.

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, लिहिलेल्या जागेत कुणाकुणाचं पोट भरतं, हे रोपं लावणाऱ्यांनी कधी विचारलंय का?