गोंधळ उडाला, माजला की घातला?

मराठीत अव्यवस्थेसाठी शब्दांची कमतरता नाही. गोंधळ, धांदल, तारांबळ, खळबळ, अनागोंदी, बजबजपुरी, धुमाकूळ, दाणादाण, बोजवारा. हे सगळे एकाच अर्थाचे समजून लिहिले की वाक्य पडतं, कारण यातला प्रत्येक शब्द आपलं क्रियापद ठरवून येतो. ते क्रियापद पाहिलं की कोणाचे हाल झाले, कोणी केले आणि कोणी होऊ दिले हे लगेच कळतं.

उडणे, माजणे आणि घालणे ही त्यातली तीन मुख्य क्रियापदं.

‘उडणे’ अचानक होतं आणि ज्याचं उडतं तो सोसणारा असतो. म्हणून त्याच्या नावाला चा-ची-चे लागतं: प्रवाशांची तारांबळ उडाली, सैन्याची दाणादाण उडाली, वाहतुकीचा बोजवारा उडाला. इथे दोन बारकावे आहेत. बोजवारा व्यवस्थेचा, बेताचा, नियोजनाचा उडतो. माणसाचा उडतो तो फज्जा. आणि दाणादाण व्हायला अनेकजण लागतात. शब्दात विखुरलेले दाणे दिसतात, म्हणून ‘एकट्या फलंदाजाची दाणादाण’ कानाला खटकते, ‘फलंदाजीची दाणादाण’ बरोबर वाटते.

‘माजणे’ सावकाश चालतं. शेतात तण माजतं ते कोणी पेरत नाही. खुरपणी झाली नाही म्हणून ते माजतं. तसंच कारभारात अनागोंदी माजते, राज्यात अराजक माजतं, बाजारात बजबजपुरी माजते. इथे ‘त’ प्रत्यय येतो, म्हणजे जागा सांगितली जाते, माणूस नाही. ज्यांनी खुरपायचं होतं त्यांचं नाव या वाक्यात येतच नाही. म्हणून बातमी लिहिताना ‘माजली’ वापरलं, तर पुढच्याच वाक्यात जबाबदारी कोणाची होती ते लिहावं. नाहीतर वाचकाला ते आपोआप घडलं असं वाटतं.

‘घालणे’ला कर्ता लागतोच. टोळक्याने धुमाकूळ घातला, वादळाने थैमान घातलं, पोरांनी धिंगाणा घातला. दोष कोणाचा हे सांगायचं असेल तेव्हा हेच क्रियापद घ्यावं.

गोंधळ हा शब्द तिन्ही घेतो, म्हणूनच तो सर्वात जपून वापरायला हवा. ‘परीक्षा केंद्रावर गोंधळ उडाला’ म्हणजे विद्यार्थी गांगरले. ‘गोंधळ माजला’ म्हणजे कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ‘गोंधळ घातला’ म्हणजे कोणीतरी मुद्दाम केला. एकाच प्रसंगाच्या या तीन वेगळ्या बातम्या आहेत.

शिवाय ‘देवीचा गोंधळ घातला’ हे वाक्य आहेच. लग्नानंतर कुलदैवतेसमोर गोंधळी संबळ, तुणतुणं आणि पेटती दिवटी घेऊन रात्र जागवतात, एकेका दैवताला ‘गोंधळाला ये’ अशी हाक देतात, मग आख्यान लावतात. हा विधी क्रमाने, शिस्तीत चालतो. त्याच्या नावाला अव्यवस्थेचा अर्थ चिकटला, पण विधीच्या संदर्भात तो अर्थ आणू नये, कारण गोंधळी परंपरेवर त्याने अन्याय होतो.

खळबळ नियम मोडते. ती उडते, पण तिला ‘ची’ चालत नाही: ‘राजकीय वर्तुळात खळबळ उडाली’ बरोबर, ‘नेत्यांची खळबळ उडाली’ चूक. गावाकडे कपडे पाण्यात खळबळून काढतात, म्हणजे पाणी आतल्या आत ढवळलं जातं. तोच अर्थ लक्षात ठेवला की चूक होत नाही. खळबळ मनात, गटात, समाजात आतून होते. भिंती पडल्या, बस उलटली, तर तिथे खळबळ नव्हे, हाहाकार.

अनागोंदीचा संबंध आनेगुंदीशी जोडला जातो. हे गाव कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात, तुंगभद्रेच्या काठी, हंपीच्या समोर आहे. १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचं वैभव संपलं आणि तिथल्या उरल्यासुरल्या राज्याच्या ढिसाळ कारभारावरून शब्द आला, अशी रूढ समजूत आहे. तारांबळीचंही तसंच: मंगलाष्टकांच्या शेवटच्या ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ या ओळीला मांडवात जी धावपळ होते, तिच्यावरून तो शब्द आला असं सांगतात.

दंगा आणि दंगल यांत गल्लत फार होते. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा सामना. मराठीत ‘कुस्त्यांची दंगल’ म्हणतात, पण नुसतं ‘दंगल’ म्हटलं की जाळपोळ, दगडफेकच डोळ्यांपुढे येते. कायद्याचा शब्द दंगा. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि समान उद्देशासाठी त्याने केलेली बळजबरी किंवा हिंसा, एवढं असेल तर दंगा. भारतीय न्याय संहितेत ही कलमं १८९ आणि १९१. पोलिसांच्या फिर्यादीत अजून ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ असं लिहिलेलं सापडतं. तिघांची हाणामारी या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिला मथळ्यात दंगल म्हणू नये. अफवा पसरायला तेवढा एक शब्द पुरतो.

राज्य हादरवणाऱ्या शब्दांत बाजू दडलेली असते. १८५७ला कोणी शिपायांचं बंड म्हटलं, कोणी उठाव, कोणी स्वातंत्र्यसमर. बंड करतात आणि मोडतात. उठाव करतात आणि दडपतात. क्रांती मात्र घडते किंवा होते. ‘क्रांती मोडली’ असं आपण म्हणत नाही. क्रांतीचा मूळ धातू क्रम्, पाऊल टाकणे. पंचांगातलं क्रांतिवृत्त आणि संक्रांत त्याच घरातले. बंडाळी हा बंडाचा नुसता मोठा आकार नाही. बंड कोणीतरी करतो, बंडाळी माजते: ठिकठिकाणी, वर्षानुवर्षं, सत्ता कोणाची हेच कळेनासं होतं तेव्हा.

शेवटाची क्रियापदंही ठरलेली आहेत. घोळ निस्तरतात, बंड शमतं, दंगल आटोक्यात येते, खळबळ ओसरते. अनागोंदी मात्र ओसरत नाही की शमत नाही. ती मोडून काढावी लागते.