फायबरच्या बोटीतलं कुजकं लाकूड

बोटीच्या किमतीपेक्षा डेक बदलायची मजुरी जास्त! दुरुस्तीवाल्याने हा आकडा इतक्या गोड आवाजात सांगितला की भांडताही येईना. मग इथे अमेरिकेत, मिशिगनमधले बरेच जण करतात तेच केलं. शेजाऱ्याचा फायबर घासायचा ग्राइंडर आणला आणि गॅरेजमध्ये बैठक मारली.

आमची बोट १६ फुटी, बाहेरून फायबर, पण पायाखालचा डेक प्लायवूडचा. त्यावर फायबरचा पातळ थर आणि वर चिकटवलेलं कार्पेट. पाण्यात जायच्या वस्तूवर कार्पेट लावायची बुद्धी ज्याला झाली, त्याला एकदा भर पावसात, जुलैत, आमच्या कोकणात हर्णैला आणून उभं करायला हवं. कार्पेट सदा ओलं, त्याखाली सीटच्या स्क्रूंची भोकं सील न करता सोडलेली. पाणी सरळ प्लायमध्ये. प्लायच्या कडांना आणि खालच्या बाजूला रेझिनचा (फायबर चिकटवायच्या, वाळून कडक होणाऱ्या द्रवाचा) हातही नाही! वरून मात्र चकचकीत. सर्क्युलर सॉने (गोल पात्याच्या करवतीने) थर कापून उचलला, तर लाकूड बोटांनी ओरबाडून निघालं, काळं आणि ओलं. बोट बुडू नये म्हणून खाली भरलेला फोमही पाणी पिऊन जड झालेला. पण नवा फोम भरायलाच हवा. २० फुटांखालची मोटरबोट पाणी भरलं तरी तरंगती राहावी, असा नियम बोटी बनवणाऱ्यांसाठी इथे १९७० च्या दशकापासून आहे. नियम चांगला, मान्य. पण आमच्याकडच्या लाकडी होडीची फळी कुजली तर ती निदान दिसते, ठोकली की कळते. (हल्ली तिकडेही लाकडावर फायबर चढवतात, तो विषय निराळा.)

फायबर म्हणजे काचेचेच धागे; ते घासताना उडणाऱ्या धुळीची खाज म्हणजे शिक्षा. अंगभर कपडे, मास्क, वर गार पाण्याची आंघोळ, तरी मनगटं रात्रभर चुरचुरतात. रेझिनचं गणितही नाजूक. ते घट्ट करणारा हार्डनर एक-दोन टक्केच, उकाड्यात जरा सढळ हाताने पडला की कपातच तापून धूर निघतो.

बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अरे, एक माणूस लाव ना कामाला!" परवडत नाही, हे सांगायला जीभ रेटेना. "हौस आहे," म्हणालो. आणि आहेच की! तिकडे असतो तर ग्राइंडरला हात लावला नसता, हे खरं. पण मग एखाद्या सुताराला चार पैसे मिळाले असते, तेही वाईट नाही.

नव्या प्लायला सगळ्या बाजूंनी रेझिन पाजलंय. सीलंट भरल्याशिवाय एकही स्क्रू बसणार नाही. कार्पेट तर नाहीच. बायको म्हणते, पायाला खडबडीत लागेल. चपला घालू देत सगळ्यांना.