पत्रे निघाले, खांब राहिले

शेजारच्या बंगल्याने आमच्या बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड टाकली, तेव्हा भांडायचं नाही असंच आम्ही ठरवलं होतं. पण पहिल्याच पावसात त्या पत्र्यांचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं आणि डाळीच्या डब्यांमागे बुरशी धरली. मग महापालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज दिला, पोच घेतली.

नोटीस निघाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 53, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढून टाका असं सांगणारं. मुदत संपायला दोन दिवस असताना शेजाऱ्यांनी माणसं लावून पत्रे उतरवले. फाटकाशी भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, आता तरी समाधान?" मलाही वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली पाहिलं. चारही लोखंडी खांब जागच्या जागी. वरच्या बोल्टांना ग्रीस फासून त्यांवर दुधाच्या पिशव्या सुतळीने बांधलेल्या. पत्रे मागच्या भिंतीला रचून वर ताडपत्री. भंगारात घालायची वस्तू इतकी कोण जपतं? फूटभर उंचीचा कोबा आणि त्याला लागून बांधलेली मोरी, दोन्ही तशीच.

कार्यालयात गेले, तर कनिष्ठ अभियंत्यांनी फाईल न उघडताच सांगितलं, "ताई, काढलं की त्यांनी. फोटो आहे." तो फोटो बघायचाच म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज केला. नोटीस, पूर्तता अहवाल आणि मंजूर नकाशा, तिन्हींच्या प्रती मागितल्या. अहवाल एका ओळीचा होता : 'अनधिकृत शेड स्वतःहून काढून घेतली.' फोटो रस्त्यावरून काढलेला. खांब जास्वंदीच्या आड.

यात अर्धी चूक माझी. मी तक्रारीत नुसतं 'अनधिकृत शेड' लिहिलं होतं, नोटिशीत तोच शब्द उतरला, आणि शेड म्हणजे पत्रे असा सोयीचा अर्थ लावायला वाट मिळाली. दुसऱ्या अर्जात मी शेड हा शब्दच टाळला. खांब चार, कोबा इतका लांब-रुंद, मोरी एक, मंजूर नकाशाप्रमाणे सोडायचं अंतर दीड मीटर. प्रत्येकाचा वेगळा फोटो, आमच्या गच्चीवरून. तो अर्ज घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, गेले.

त्यानंतर मात्र टेप घेऊन माणसं आली. पंचनाम्यात एकेक बाब मापासकट लिहून घेतली आणि सुधारित नोटीस निघाली. शेजाऱ्यांनी लगेच कोबा आणि मोरी कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली परवानगी मागितली. म्हणजे त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तेवढ्यापुरती नोटीस थांबली. मी चिडले, पण कायद्यातच तशी तरतूद आहे. काही भागाला परवानगी मिळाली, तर नोटीस फक्त उरलेल्या भागाला लागू राहते.

खांबांसाठी त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. मुदतीत काढले नाहीत तर पालिका ते स्वतः काढू शकते आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करते. नोटिशीतल्या खटल्याच्या धाकाने जे झालं नव्हतं, ते या खर्चाच्या वाक्याने झालं. आठवड्याभरात गॅस कटरवाला आला.

यंदा भिंत कोरडी आहे. मोरीचा अर्ज अजून टेबलावर. खांब त्याने कोब्याच्या पातळीला नाही, वीतभर वर कापलेत. त्या चार खुंटांवर सध्या कोरफडीच्या कुंड्या आहेत. मी दर पंधरवड्याला गच्चीवरून फोटो काढते, तारखेसकट.