इलेक्ट्रॉनिक भोंगा घेण्याआधी उत्पादकाला काय विचारावं

धोक्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक असतो तो डेसिबलचा, म्हणजे आवाजाच्या पातळीचा, आकडा. तो किती अंतरावर मोजलाय, हे आधी बघा. मैदानी भोंग्याची पातळी ३० मीटरवरची सांगायची पद्धत आहे. कुणी १ मीटरवरची छापली, तर त्याच भोंग्याचा आकडा जवळजवळ ३० डेसिबलने फुगतो. अंतर लिहिलेलंच नसेल, तर तो आकडा सोडून द्यावा.

पल्ल्याचा दावा असाच तपासावा लागतो. अंतर दुप्पट झालं की कागदावर ६ डेसिबल घटतात. प्रत्यक्षात इमारती, झाडं, जमीन आणि वारा आणखी आवाज खातात, म्हणून नियोजनात दर दुपटीला १० डेसिबल घट धरतात. अमेरिकेतल्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शिकेतही हाच आकडा आहे. या हिशोबाने ३० मीटरवर १२१ डेसिबल देणारा भोंगा ६० मीटरवर १११, १२० वर १०१, २४० वर ९१, ४८० वर ८१ आणि १ किलोमीटरच्या आसपास ७० वर येतो. तोच हिशोब ६ ने केला, तर ७० डेसिबलची हद्द १० किलोमीटरच्या पलीकडे जाते! एका खांबावर अनेक किलोमीटरचा पल्ला सांगणाऱ्याला एवढंच विचारा: घट किती धरली? शिवाय ७० डेसिबल पुरतात ते आसपासचा गोंगाट ६० च्या आत असेल तरच. बंद खिडक्यांच्या घरात झोपलेल्या माणसाला जागं करणं हे या यंत्राचं काम नाही. त्यासाठी दुसरी सोय लागतेच.

आता ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक हॉर्नच्या (कर्ण्याच्या) मागे बसलेला, विजेचा आवाज करणारा भाग. एका दिशेला तोंड करून एकावर एक रचलेले हॉर्न एकाच वेळी, एकाच फेजमध्ये (एकाच तालात) हवा ढकलतात, म्हणून समोर आवाज साठतो. संख्या दुप्पट केली की समोरच्या रेषेत ६ डेसिबल वाढतात. चारांपैकी एक ड्रायव्हर बंद पडला, तर जातात फक्त अडीच डेसिबल. पण एकाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या, तर तो दुसऱ्या एकाचा आवाज मारतो आणि तब्बल ६ डेसिबल जातात. म्हणजे उलटा जोडलेला ड्रायव्हर मेलेल्यापेक्षा वाईट. आणि हा दोष नियंत्रण पेटीच्या पॅनलवर दिसत नाही, कारण पेटीतला नियंत्रक मोजतो तो करंट, आणि उलट्या जोडणीतही करंट तेवढाच वाहतो. त्यामुळे बसवताना प्रत्येक दिशेला एक जागा ठरवा, तिथे ध्वनिमापकाने पातळी मोजा आणि नोंद पॅनलच्या दारात चिकटवा. जागा खांबाच्या पायथ्याशी नको. रचलेल्या हॉर्नचा झोत तिथून डोक्यावरून जातो. शंभरेक मीटर लांबची बरी. पुढे एक जरी ड्रायव्हर बदलला, तरी त्याच जागेवर पुन्हा मोजा.

खांबावर चढण्याआधी अॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. भोंगा रेडिओ आदेशाने दूरवरून वाजवता येतो, आणि वाजवणाऱ्याला वर कोण आहे ते दिसत नाही.

बॅटरीचा हिशोब उत्पादकाकडून लेखी घ्या, आणि स्वतःही करा. १०० वॅटचे ८ ड्रायव्हर म्हणजे ८०० वॅट. अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून साधारण ९४० वॅट निघतात. २४ व्होल्टवर ३९ अँपिअर. ३ मिनिटं वाजलं तर जेमतेम २ अँपिअर-तास. उलट नियंत्रक आणि रेडिओ मिळून सतत पाव अँपिअर घेत असतील, तर वीज नसलेल्या ७२ तासांत १८ अँपिअर-तास संपतात. बॅटरी रिकामी करतो तो हा थेंब थेंब खर्च. तेव्हा स्टँडबाय करंट, म्हणजे भोंगा गप्प असतानाचा करंट, किती, हा प्रश्न डेसिबलइतकाच महत्त्वाचा.

जुन्या बॅटरीचं लक्षण ठरलेलं आहे. विश्रांतीत २६ व्होल्ट छान दिसतात, भोंगा सुरू होतो, आणि काही सेकंदांत गप्प होतो. आतला रोध वाढलेला असतो, ४० अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं आणि नियंत्रक सगळं तोडतो. म्हणून मीटर लावायचा तो भोंगा वाजत असताना, तोही चार्जरचा पुरवठा बंद करून. जोडीतली एकच बॅटरी कधी बदलू नका. जुनी-नवी एकत्र आली की चार्जिंग असमान होतं आणि नवीही लवकर जाते. उन्हात तापणाऱ्या पेटीत शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. चार्जर तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी करतो का, आणि त्याचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला आहे का, हे दोन्ही बघा.

मूक चाचणीवर तडजोड नको. कानाला न ऐकू येणारा सूर पाठवून नियंत्रक ड्रायव्हर तपासतो, त्यामुळे लोकांना न घाबरवता रोज तपासणी होते. मात्र अहवाल ड्रायव्हरनिहाय हवा. नुसतं ‘अॅम्प्लिफायर ठीक’ एवढंच येत असेल, तर समांतर जोडलेल्या चारांतला एक तुटलेला त्यात लपू शकतो.

भोंग्यावरून बोललेल्या सूचना त्याच्या इशाऱ्याच्या सुरापेक्षा खूप कमी अंतरावर समजतात. दोन खांबांपासूनच्या अंतरात ३४० मीटरचा फरक असला की तेच वाक्य सेकंदाच्या फरकाने दोनदा ऐकू येतं आणि शब्द एकमेकांवर चढतात. चार-पाच शब्दांचे तुकडे करा, मध्ये थांबा.

रेडिओ आदेश साध्या टोनचा (ठरावीक सुरांचा) असेल, तर तो पकडून पुन्हा पाठवता येतो. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहरात अनधिकृत रेडिओ संदेशाने १५६ भोंगे वाजले. प्रत्येक आदेशाला एनक्रिप्शन (सांकेतिक कुलूप) हवं आणि वेळेची किंवा क्रमांकाची खूण हवी, म्हणजे जुना आदेश पुन्हा पाठवला तरी नियंत्रक तो नाकारेल.

उरलं पाणी. केबल पेटीत खालच्या बाजूने, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणि बाहेर झोल सोडून घ्या. वरून घेतलेली केबल पाणी थेट आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डवर आणते. हॉर्नच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. अॅन्टेना, वीज आणि हॉर्नच्या तारा या तिन्हींना सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारं साधन) द्या आणि तिघांचंही अर्थिंग एकाच पट्टीवर आणा.