वारं तोंडावर की पाठीवर?

गुळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्यामुळं ऑगस्टात आमच्या अडत दुकानाच्या हिशेबाच्या वह्या गप्प असतात आणि मला डोंगर सुचतात. एरवी मी रंकाळ्याला पळणारी बाई. तिथं पायाखाली बघावं लागत नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर दुसरं काही बघताच येत नाही.

यंदा नणंदेला घेऊन गेले. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, दम दुप्पट, तोंड चौपट. पहाटे मोपेडवरनं पन्हाळा गाठला, पुसाटी बुरुजाजवळ गाडी लावली, म्हाळुंग्याकडं उतरलो आणि समोरचा चढ धरला. चढाचं फार काही सांगण्यासारखं नाही. धापा टाकल्या, शिव्या घातल्या, वर आलो.

वर आलं की मात्र डोळे फिरतात. मसाई म्हणजे एक माळ नव्हे, एकामागं एक सपाट सडे लागतात. झाड जवळजवळ नाहीच. सगळा जांभा दगड. हा जांभा ओला झाला की दोन जातीचा होतो. लाल, भोकाभोकाचा, खरबरीत असेल तिथं बूट घट्ट बसतो. वर शेवाळाचा काळा पापुद्रा आला असेल तर बूट काय, देव पण धरत नाही. म्हणून मी तिथं आखूड पावलं टाकत, लाल बघून पळते. नणंद काळं-लाल न बघता सुटली आणि पहिल्याच सड्यावर बुडावर आपटली.

ती बसली तिथंच सीतेची आसवं होती. वीतभर पाण्याच्या डबक्याकाठी, बोटभर मातीत, शाईच्या रंगासारखी निळी-जांभळी फुलं. दिसायला इतकी गरीब, पण ही वनस्पती बारके किडे धरून खाते, कारण असल्या मातीत पोटाला दुसरं काही मिळत नाही. हे सांगितल्यावर नणंद झटकन उठली.

मसाईदेवीच्या देवळापर्यंत उजेड होता. नारळ वाढवला, गूळ-शेंगदाणे खाल्ले. मागं पन्हाळा, एका अंगाला जोतिबाचा डोंगर. अजून थोडं पुढं जाऊ म्हणून निघालो आणि धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर कुणीतरी वरनं चादर टाकावी तसं. हातभर पुढची नणंद फक्त आवाजापुरती उरली.

चढावर धुकं आलं तर भीती नसते. वर आणि खाली एवढं तरी कळतं. सपाटीवर तेही नाही. पायवाट दगडावर उमटत नाही. आम्ही पन्हाळ्याकडं तोंड करून पळतोय अशा समजुतीत वीसेक मिनिटं पळालो आणि एका डबक्यापाशी शेंगदाण्याची टरफलं दिसली. आमचीच.

"वैनी, आपण गोल फिरलो."

"मोबाईल काढ की."

मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत होता. रेंज नाही, नकाशाच्या जागी कोरा पांढरा कागद, त्यावर एक निळा ठिपका. बोटं ओली, त्यामुळं पडदा कधी आपोआप मोठा व्हायचा, कधी बारका. ठेवून दिला.

मग घंटा ऐकू आली. आधी म्हशी दिसल्या, मागनं प्लास्टिकच्या पोत्याची खोळ घेतलेले एक आजोबा.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"कोल्हापूर. पन्हाळ्याची वाट चुकलोय बाबा."

"चुकायला काय झालं? वारं कुठं लागतंय?"

लागत होतं तोंडावर. गालावर पाऊस सुयांसारखा टोचत होता, हे तोवर मी फक्त तक्रार म्हणून मोजलं होतं.

"पावसाळ्यात वारं तिकडनंच येतंय, विशाळगडाच्या बाजूनं. तोंडावर घ्येतलं की तुमी तिकडं निघाला. पाठीवर घ्या, पन्हाळा येतोय. जावा. मला डेरीला दूध घालायचंय."

एवढं बोलून ते म्हशींबरोबर पुन्हा धुक्यात गेले. आम्ही पाठीवर वारं घेतलं. जरा कलतो आहोत असं वाटलं की थांबायचं, मानेच्या नेमक्या मधोमध गार लागतंय का बघायचं, मग पुढं.

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मागं टाकून महाराज विशाळगडाकडं निघाले ते ह्याच अंगानं, रात्री, पावसात. शाळेत बाजीप्रभू आणि घोडखिंड शिकलो, ते पुरतं काळजात आहे. पण पालखीपुढं चालणाऱ्यानं ह्या सड्यावर दिशा कशी धरली असेल, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्यांच्या तर पूर्ण वाटभर वारं तोंडावर, आणि खांद्यावर पालखी. दर जुलैत ह्या वाटेनं मोहिमा निघतात. मी त्या गर्दीत जात नाही, चिखल घोट्याच्या वर येतो. पण आता एकदा रात्रीची जायची इच्छा आहे. नणंद नाही म्हणाली.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाताना तिनं मोबाईल पुसला. तो बिचारा पिशवीत सगळा वेळ आमची वाट रेघेनं काढत बसला होता. देवळापर्यंत सरळ रेघ, पुढं वेटोळ्यात वेटोळं, मग परत सरळ. तिनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली दिराचं एकच वाक्य आलं: "जिलबी कुठल्या दुकानातली?"