जिन्याला उरलेली जागा

लहान प्लॉटवरच्या घराचा नकाशा काढायला बसलं की आधी हॉल येतो, मग स्वयंपाकघर, मग ज्याची त्याची बेडरूम. जिना शेवटी येतो, भरलेल्या बाकावर ‘जरा सरका हो’ म्हणत टेकणाऱ्या माणसासारखा. खरं तर पेन्सिल आधी त्याच्यासाठीच उचलायला हवी.

सहा मीटर रुंद, पंधरा मीटर खोल प्लॉट धरा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढची-मागची मोकळी जागा सोडून बांधायला साडेअकरा मीटर. फरशीपासून फरशीपर्यंत 3 मीटर, म्हणजे 167 मिलिमीटरचे 18 चढ (चढ म्हणजे एका पायरीची उंची). पायरी, म्हणजे पाऊल टेकायची जागा, 270 ची. दोन चढ आणि एक पायरी मिळून माणसाचं एक पाऊल, हा हिशोब सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लाँडेल या वास्तुविशारदाने मांडला. ती बेरीज आजही 600 ते 640 मध्ये बसली की गुडघे कुरकुरत नाहीत. आपली 604 येते. मध्ये वळणारा, 90 सेंटिमीटर रुंदीचा जिना दोन्हीकडच्या लँडिंगसह, म्हणजे थांब्याच्या सपाट जागांसह, साडेसात चौरस मीटर खातो. मजला 69 चा. एक छोटी खोलीच गेली की!

मग काटकसर सुचते. 16 चढ केले तर लांबीत 27 सेंटिमीटर वाचतात. त्यात कपाटसुद्धा बसत नाही, त्याला 60 लागतात. चढ मात्र जन्मभरासाठी 188 चा होऊन बसतो.

दुसरा मोह जिन्याखालच्या टॉयलेटचा. नकाशात ते छान मावतं, कारण नकाशाला उंची नसते. मधलं लँडिंग दीड मीटरवर. स्लॅबची जाडी वजा करा, खाली उरले 1.35. उभं राहायला 2.1 हवेत. तेवढी उंची मिळते ती वरच्या फ्लाइटखालच्या (फ्लाइट म्हणजे पायऱ्यांची सलग रांग) शेवटच्या मीटरभरात. कमोड अलीकडे सरकवला की उठताना डोकं आपटणार. जमीन दोन पायऱ्या खाली नेली की ड्रेनेजच्या पाइपला उतार पुरत नाही. तिथे वॉशिंग मशीन ठेवावं. त्याला 85 सेंटिमीटर पुरतात आणि ते बिचारं उभं राहत नाही.

सगळ्यात फसवी चूक मात्र काँक्रीटच्या दिवशी होते आणि फरशीच्या दिवशी दिसते. मिस्त्री कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत समान चढ आखतो. पुढे खोल्यांत फरशी आणि खालचा मसाला मिळून 60 मिलिमीटर चढतात, पायऱ्यांवर 30. झालं! पहिला चढ 137 चा, शेवटचा 197 चा, मधले सगळे 167 चे. डोळ्यांना कळत नाही, पण पाय दोन पायऱ्यांत माप शिकतो आणि तिसरीपासून बघणं सोडून देतो. म्हणून वर पोचताना घरातला प्रत्येक जण त्याच एका जागी अडखळतो, आणि पाहुणा हातातल्या ट्रेसकट. उपाय फुकटचा आहे: भिंतीवर तयार फरशीची रेघ आधी मारायची आणि चढ तिच्यापासून मोजायचे.

एवढी जागा घेणाऱ्या जिन्याकडून काम मात्र दुप्पट घ्यावं. बाजूच्या भिंतींना खिडक्या नाहीत, म्हणजे साडेअकरा मीटरच्या पोटात भरदुपारी दिवा लागणार. जिना मधोमध ठेवून दोन फ्लाइटच्या मधली फट दहा सेंटिमीटरऐवजी साठ-सत्तर केली, की गच्चीवरचा उजेड तळमजल्यापर्यंत उतरतो आणि गरम हवा वर निघून जाते. फक्त वर आडवी काच घालू नका. तापते, धूळ धरते, गळते. जिन्याची खोली थोडी उंच घेऊन उभ्या खिडक्या द्या आणि वरच्या पट्टीत उघडणाऱ्या झडपा. आडवी काच हवीच असेल तर लॅमिनेटेड, फुटली तरी अंगावर न पडणारी. कठड्याच्या गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि गज उभे. आडवे गज म्हणजे मुलांना दुसरा जिना.

जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन बटणं लागतात, तीन मजल्यांना तीन. वायरिंग भिंतीत जायच्या आधीच हे सांगावं लागतं. नंतर आठवलं तर एकाने खालून दिवा मालवायचा आणि अर्ध्यात असलेल्याने ओरडायचं, ‘अरे, मी अजून जिन्यातच आहे!’